जुन्या चेतकच्या हेडलाइटचा उजेड वाढवायचाय? आधी हे करा, मग बल्ब घ्या

हे सगळं जुन्या टू-स्ट्रोक बजाज चेतकबद्दल आहे बरं का, २०२० ला आलेल्या इलेक्ट्रिकबद्दल नाही. चेतक १९७२ साली आली, व्हेस्पा स्प्रिंटवर बेतलेली गाडी, आणि तेव्हा रात्री रस्त्यावर गर्दी किती असायची आणि समोरून येणाऱ्या गाड्यांचे लाइट कसे असायचे त्या हिशोबाने तिचा हेडलाइट केलेला. आज समोरून एसयूव्ही आली की आपल्याला पुढचा खड्डाच दिसत नाही. त्यामुळे लाइट वाढवायची इच्छा शंभर टक्के रास्त आहे. पण बरेच जण थेट दुकानात जाऊन शंभर वॅटचा बल्ब नाहीतर निळसर एलईडी उचलतात, आणि मग आठवड्यात होल्डर वितळतो नाहीतर एलईडी मरतो. म्हणून क्रम महत्त्वाचा.

पहिली गोष्ट डोक्यात पक्की बसवा, बहुतेक चेतकमध्ये हेडलाइट बॅटरीवर चालत नाही, इंजिनच्या मॅग्नेटमधून जो एसी करंट येतो त्यावर सरळ चालतो, म्हणून रेस दिली की उजेड वाढतो आणि सिग्नलला आयडलवर आला की पिवळा पडतो. त्या मॅग्नेटच्या आत लाइटसाठी जी कॉइल असते तिची ताकद ठरलेली आहे. तुम्ही ६०/५५ वॅटचा कारवाला बल्ब घातला म्हणून कॉइल जास्त ताकद देत नाही, उलट व्होल्टेज खाली बसतं आणि ३५ वॅटपेक्षा कमी उजेड पडतो, शिवाय जुन्या वायरी आणि डिपरचा स्विच तापतो तो वेगळाच. जेवढं कॉइल देते तेवढं सगळंच्या सगळं बल्बपर्यंत पोचतंय का, हा खरा प्रश्न.

आणि ते बहुतेक वेळा पोचत नसतं! मल्टिमीटर घ्या, स्वस्तातला चालेल, एसी व्होल्टवर ठेवा. गाडी चालू करून थोडी रेस धरायला कुणाला तरी बसवा, हेडलाइट ऑन करा, आधी रेग्युलेटरच्या (व्होल्ट मर्यादेत ठेवणारा छोटा डबा) आउटपुटला रीडिंग घ्या आणि मग बल्बच्या होल्डरवर. मीटर स्वस्त असेल तर आकडा अचूक येणार नाही, पण एकाच मीटरने, तेवढ्याच रेसवर दोन्हीकडे मोजताय त्यामुळे फरक बरोबर कळतो. १२ व्होल्टच्या गाडीत रेग्युलेटरवर १२ आणि बल्बवर १० मिळत असतील तर तुमचा उजेड जवळजवळ निम्मा झालेला आहे, कारण फिलामेंटच्या बल्बचं गणित तसंच आहे, व्होल्ट थोडे पडले की उजेड धाडकन पडतो. म्हणजे नुसते हे २ व्होल्ट परत आणले की बल्ब न बदलता उजेड दुपटीच्या आसपास जातो. एक रुपयाचा नवा माल न घेता.

हे व्होल्ट जातात कुठे? निम्म्याहून जास्त वेळा अर्थिंगमध्ये. मीटरची एक पिन होल्डरच्या अर्थला, दुसरी इंजिनच्या केसिंगवर, लाइट चालू ठेवून बघा, शून्याच्या जवळ यायला पाहिजे, अर्ध्या व्होल्टच्या वर आलं तर अर्थ खराब. गाडीला नंतर कधी रंग मारला असेल तर हमखास, कारण रंगावर स्क्रू आवळलेला असतो. तिथला रंग पॉलिश पेपरने घासून चकचकीत पत्रा काढा, दातेरी वॉशर टाकून आवळा, वरून थोडं ग्रीस लावा म्हणजे पावसात गंजणार नाही. माझं म्हणाल तर होल्डरपासून थेट इंजिनपर्यंत एक वेगळी १.५ स्क्वेअर एमएमची काळी वायरच ओढून घ्या, हँडलच्या बेअरिंगमधून अर्थ जाईल या भरवशावर राहूच नका. वायर ओढताना हँडल दोन्हीकडे पूर्ण वळवून बघा, ताण येता कामा नये.

मग हँडलवरचा स्विच. तो उघडा, आतले पितळी कॉन्टॅक्ट काळे-हिरवे पडलेले दिसतील, कॉन्टॅक्ट क्लीनर मारा आणि झिरो नंबरचा बारीक पॉलिश पेपर हलक्या हाताने फिरवा. स्प्रिंग उडते, त्यामुळे खाली फडकं अंथरून काम करा. कनेक्टर सैल असतील तर पकडीने दाबा, वायर आतून काळी पडली असेल तर तेवढा तुकडा बदला, नुसती टेप गुंडाळू नका.

रेग्युलेटर खास बघा. तो जादाचा करंट बॉडीत सोडून देतो, म्हणून त्याची स्वतःची अर्थ चांगली पाहिजे, नाहीतर रेस दिली की बल्ब उडत राहतात. जुन्या ६ व्होल्टच्या, रेग्युलेटर नसलेल्या गाड्यांमध्ये पुढचा बल्ब गेला की मागचाही लगेच जातो तो याचमुळे, सगळा लोड त्या बिचाऱ्या छोट्या बल्बवर येतो. ६ व्होल्टवाल्यांना खरा फरक पाहिजे असेल तर १२ व्होल्टची पूर्ण इलेक्ट्रॉनिक किट बसवावी लागते, म्हणजे कॉइल प्लेट, मॅग्नेट, सीडीआय (ठिणगी पाडणारा इलेक्ट्रॉनिक डबा) आणि रेग्युलेटर. मॅग्नेट आपल्या क्रँकच्या टेपरला बसतोय का ते बघूनच घ्या, काढताना पुलरच (मॅग्नेट खेचून काढायचं हत्यार) वापरा, हातोडी नको, आणि टायमिंग जाणत्या मेकॅनिककडून लावून घ्या.

आता डूम, म्हणजे हेडलाइटचा रिफ्लेक्टर आणि पुढची काच. रिफ्लेक्टरची चांदी उडालेली असेल, आतून पिवळी-तपकिरी झाली असेल तर कुठलाही बल्ब घाला, उपयोग शून्य. रिफ्लेक्टर फडक्याने पुसू नका, चांदी निघून येते, फक्त हवा मारा. खराब असेल तर नवीन डूम, पुण्यात नाना पेठेत जुन्या स्कूटरचं सामान मिळतं, जुना डूम आणि जुना बल्ब दोन्ही सोबत न्या कारण बल्बच्या बुडाचे प्रकार बरेच आहेत आणि जुळवून घेणं हाच खात्रीचा मार्ग. बल्ब चांगल्या कंपनीचा ३५/३५ हॅलोजन घ्या. बल्बच्या काचेला बोट लावू नका.

इतकं झालं की रात्री एक चक्कर मारा. बहुतेकांचं काम इथेच होतं, आणि खरं सांगायचं तर मला जुन्या गाडीला हाच पिवळा उजेड आवडतो, ताम्हिणी घाटात पावसाळ्यात धुकं असताना तर पांढऱ्या एलईडीने समोर नुसती भिंत उभी राहते.

तरीही एलईडी पाहिजेच असेल तर एसीवर सरळ लावू नका, फडफडतो किंवा जळतो. पुण्यातच तपकीर गल्लीत ३५ अँपिअरचा ब्रिज रेक्टिफायर (एसीचा डीसी करणारा भाग) मिळतो, तो आणि ३५ व्होल्ट ४७०० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर घ्या, ब्रिज पत्र्यावर स्क्रूने घट्ट बसवा म्हणजे तापणार नाही. इथे एक गोष्ट लोक हमखास विसरतात, आपल्या कॉइलचं एक टोक आधीच बॉडीला आहे, त्यामुळे ब्रिजमधून निघालेली मायनस वायर बॉडीला लागता कामा नये. एलईडीची बॉडी मायनसला जोडलेली असेल तर तो डूमच्या पत्र्यापासून वेगळा ठेवावा लागेल, नाहीतर ब्रिज शॉर्ट होतो. कपॅसिटरवर व्होल्ट १२ च्या बरेच वर चढतात, म्हणून एलईडी ९ ते ३० व्होल्टवाला घ्या. आणि हा डीसी हॉर्नला जोडू नका, एसीचा हॉर्न डीसीवर वाजत नाही.

एलईडीचे चिप जुन्या फिलामेंटच्या जागेवरच आले पाहिजेत, नाहीतर उजेड झाडांवर आणि समोरच्याच्या डोळ्यात जातो. तपासायला गाडी सपाट जागी भिंतीपासून १० मीटरवर उभी करा, टायरमध्ये हवा बरोबर, गाडीवर माणूस बसलेला. हेडलाइटच्या मध्याची उंची भिंतीवर खडूने आखा. डिपरचा वरचा काठ त्या रेघेच्या साधारण १० सेंटीमीटर खाली यायला हवा. वर जात असेल तर डूमचा स्क्रू फिरवून खाली घ्या, मागे कुणाला तरी बसवून परत एकदा बघा, कारण डबलसीट बसलं की पुढचं तोंड वर होतं.