फ्रेंचमध्ये हात धुताना 'माझे' नको
'मी हात धुतो' हे फ्रेंचमध्ये 'झ म लाव ले मँ'. हात कुणाचे ते 'म'नेच ('मला, स्वतःला') सांगितलं, म्हणून पुढे 'मे मँ' (माझे हात) नको. मराठीतही आपण 'माझे हात धुतो' कुठे म्हणतो? ही चूक बहुतेकदा इंग्रजीच्या सवयीने होते. गाडी धुवायची असेल तर 'म' गाळा: 'झ लाव ला व्वात्यूर'.

खरी गोची पुढे आहे. 'मी हात धुणार आहे' म्हणताना शब्दकोशातलं 'स लावे' (स्वतःला धुणे) जसंच्या तसं उचलू नका. क्रियापद मूळ रूपात असलं तरी 'स' कर्त्याप्रमाणे बदलतो: 'झ वे म लावे ले मँ', 'तू वा त लावे ले मँ' (तू हात धुणार आहेस). भूतकाळात मात्र सहायक क्रियापद 'एत्र'च (असणे), 'आव्वार' (जवळ असणे) नाही: 'झ म स्वी लावे ले मँ' (मी हात धुतले).