डुकरं, अँटिबायोटिक आणि डिझर्टेशन: मायक्रोवाल्यांसाठी

एमएस्सी मायक्रोची बरीच मुलं विचारतात की ताई एएमआरमध्ये (बॅक्टेरिया अँटिबायोटिकला दाद देत नाहीत, म्हणजे रेझिस्टंट होतात, तो विषय) यायचंय, डिझर्टेशनला काय घेऊ, म्हणून एकदाच लिहून टाकते. मी ठाण्यात शिकले, आता नवी मुंबईत रबाळेला फूड टेस्टिंग लॅबमध्ये आहे, आणि माझं काम होतं डुकरांच्या विष्ठेतल्या ई. कोलाय या आतड्यातल्या बॅक्टेरियावर (आई अजून पाहुण्यांना "प्राण्यांचं काहीतरी करायची" एवढंच सांगते).

आता डुकरंच का, तर पिल्लांचं दूध तोडलं की त्यांना ई. कोलायचे जुलाब लागतात, पटापट मरतात, मग मोठ्या फार्मवर खाद्यातून नाहीतर पाण्यातून अख्ख्या कळपाला औषध, आजारी असो नसो. त्यातलंच एक कोलिस्टिन, जे आपल्याकडे आयसीयूत बाकी काही चालेना झालं की काढतात. 2015 मध्ये चीनमधून एमसीआर-1 जीनचा रिपोर्ट आला, हा जीन असला की बॅक्टेरिया कोलिस्टिनला दाद देत नाही, सुरुवात डुकराच्या ई. कोलायपासूनच झालेली, आणि हा जीन प्लाझमिडवर (बॅक्टेरियातला डीएनएचा सुटा गोल तुकडा), म्हणजे एका बॅक्टेरियातून दुसऱ्यात आरामात जाणार. भारतात खाण्यासाठी पाळलेल्या प्राण्यांत कोलिस्टिनवर बंदी आली जुलै 2019 ला.

एवढं इंट्रोडक्शनमध्ये सगळेच लिहितात. खरं काम डुकरांच्या वाड्यावर असतं आणि तिथेच लोक आळस करतात, सॅम्पल उचललं की पळाले. अरे पण कुठलं औषध, कधी, कशासाठी दिलं हे माहीत नसेल तर तुमच्या रेझिस्टन्सच्या टक्क्यांचा अर्थ काय लावणार? डेन्मार्कमध्ये प्रत्येक प्रिस्क्रिप्शनची नोंद होते, म्हणून तर 2010 पासून त्यांना जास्त वापरणाऱ्या फार्मला यलो कार्ड, म्हणजे ताकीद, देता येतं. मी भिवंडीच्या बाजूला जायचे तिथे डुकरं हॉटेलच्या खरकट्यावर, रजिस्टर वगैरे काही नाही. वाड्याच्या काकांना विचारलं, औषध काय दिलंत? "काहीच नाही गं." मग जुलाब लागले तेव्हा? "हां ते, मेडिकलवाल्यानं पावडर दिलेली, पाण्यात टाकली." रिकामं पाकीट दाखवा म्हटलं तर पत्र्याच्या फटीत खोचलेलं काढून दिलं, ऑक्सिटेट्रासायक्लिन, म्हणजे अँटिबायोटिकच! त्यामुळे नुसतं औषध विचारू नका, पावडर, टॉनिक, खाद्यात काय मिसळता असं एकेक विचारा, आणि पाकिटाचा फोटो घ्या. आणि वहीपेन काढून इन्स्पेक्टरसारखे उभे राहू नका, आधी चहा घ्या, डुकराच्या धंद्यातल्या माणसाकडे कोणी धड बसून बोलत नाही, तुम्ही बसलात की तो सगळं सांगतो.

लॅबचं म्हणाल तर कोलिस्टिनची डिस्क (औषध लावलेली कागदी चकती, बॅक्टेरिया पसरलेल्या अगार प्लेटवर ठेवतात) लावू नका, प्लीज. मॉलिक्यूल मोठा आहे, अगारमध्ये नीट पसरतच नाही, झोनवर (चकतीभोवती बॅक्टेरिया न वाढलेलं वर्तुळ) भरवसा ठेवता येत नाही, ब्रॉथ मायक्रोडायल्यूशन करावं, म्हणजे द्रव माध्यमात औषधाचं प्रमाण पायरीपायरीने कमी करत तपासायचं. गाईड म्हणाले डिस्क चालेल तरी नम्रपणे सीएलएसआयचं (लॅब टेस्टचे नियम ठरवणारी अमेरिकन संस्था) टेबल पुढे करा. बाकीच्या औषधांना डिस्क चालते पण प्लेटमधल्या म्युलर-हिंटन अगारची जाडी 4 मिमी हवी, प्लेट पातळ ओतली की झोन उगाच मोठा येतो आणि रेझिस्टंट स्ट्रेन सेन्सिटिव्ह वाटायला लागतो. प्रत्येक बॅचला एटीसीसी 25922 (ई. कोलायचा प्रमाण स्ट्रेन, ज्याचा झोन किती यायला हवा ते ठरलेलं असतं) सोबत लावायचाच, तो रेंजमध्ये नसेल तर त्या बॅचचं रीडिंग धरायचं नाही.

नोकरीचं थोडक्यात. रबाळे-महापे पट्ट्यात जे मिळतं ते जास्त करून रेसिड्यूचं, म्हणजे मांस-दूध-अंड्यात औषध उरलंय का ते एलसी-एमएस मशीनवर बघायचं, रेझिस्टन्स हा वेगळा विषय, इंटरव्ह्यूत दोन्हीची गल्लत केलीत तर समोरच्याला लगेच कळतं. डुकरांवरच पुढे काम करायचं असेल तर आयसीएआरचं (भारतीय कृषी संशोधन परिषद) वराह संशोधन केंद्र गुवाहाटीजवळ राणीला आहे, तिकडे जायची तयारी ठेवा. इथेच राहायचं असेल तर परळच्या व्हेटर्नरी कॉलेजमधले कोणी को-गाईड मिळतात का बघा, टॉपिक फायनल करायच्या आधी, कारण व्हेट सोबत असले की वाड्यावर आत घेतात, आणि जनावराची केस हिस्टरी कशी घ्यायची ते आपल्याला मायक्रोत कोणी शिकवत नाही.