एकट्या राहणाऱ्या आजी-आजोबांकडे जाताय? या चुका टाळा

आठ वर्षांपूर्वी पुण्यात एका आजींना "रविवारी अकराला येतो" म्हणालो आणि पोचलो संध्याकाळी पाचला. ओट्यावर दोन कप मांडलेले होते, माझ्या कपात साखरही घालून ठेवलेली. साखरेला मुंग्या लागल्या होत्या. आजी काही बोलल्या नाहीत, कप विसळला आणि चहा टाकला.

स्वयंसेवकांची पहिली चूक हीच. उत्साहाच्या भरात दर आठवड्याचा शब्द देतात आणि तिसऱ्या आठवड्यापासून गायब होतात. महिन्यातून एकदाच जमणार असेल तर एकदाच सांगा. निघताना पुढची तारीख भिंतीवरच्या कालनिर्णयावर त्यांच्याच हातून लिहून घ्या. जमणार नसेल तर आदल्या दिवशी फोन करा.

पैशांना हात लावणं

"बाळ, पिन लिहून घे आणि दोन हजार काढून आण." हे वाक्य कधी ना कधी ऐकायला मिळतंच. नाही म्हणा. रिक्षा करून त्यांना बँकेत न्या, स्लिप त्यांना भरू द्या, तुम्ही शेजारी उभे राहा. उद्या शंभर रुपयांचा हिशेब लागला नाही तरी पहिला संशय तुमच्यावरच येणार, आणि त्यात त्यांची काही चूक नाही.

नोव्हेंबरात हयातीच्या दाखल्याची धांदल असते. वयामुळे बोटांच्या रेषा झिजतात, मशीन अंगठा घेत नाही आणि आजोबा घाबरतात: "पेन्शन बंद होणार का?" अशा वेळी जीवन प्रमाण अ‍ॅपवर चेहरा दाखवूनही दाखला काढता येतो. मोबाइलवर आधारचं, चेहरा ओळखणारं फेस आरडी अ‍ॅपही लागतं. फोटो घेताना चेहऱ्यावर उजेड हवा, पाठीमागे खिडकी नको.

गोळ्यांच्या बाबतीत शहाणपणा

डोस कमी-जास्त करणं हे आपलं काम नाही. पण डबा जरूर उघडून बघा. गुडघ्याच्या डॉक्टरांनी एक गोळी दिलेली असते, घराजवळच्या डॉक्टरांनी दुसरी. नावं वेगळी, औषध मात्र तेच. सगळ्या पट्ट्या पिशवीत भरून एकाच डॉक्टरांपुढे ठेवा.

मधुमेह आणि उपास यांचं तर भलतंच त्रांगडं. एकादशीला जेवण नाही, पण साखरेची गोळी ठरल्या वेळी घेतलेली! दरदरून घाम, हाताला कंप, असंबद्ध बोलणं दिसलं तर साखर खाली आली असण्याची शक्यता मोठी. माणूस शुद्धीवर असेल आणि गिळता येत असेल तर तीन चमचे साखर पाण्यात ढवळून द्या. शुद्ध नसेल तर तोंडात काहीही घालू नका, १०८ ला फोन करा. आषाढी-कार्तिकीच्या आधीच्या भेटीत हा विषय काढायला मी आता विसरत नाही.

मुलाला जाब विचारणं

दंडावर वळ दिसला, घरात अन्न असून म्हातारी उपाशी दिसली की रक्त तापतं. माझंही तापलं होतं. मुलाशी भांडलो आणि पुढच्या वेळी दार उघडलंच नाही. आजी आत, मी जिन्यात. आधी आजींशी एकट्याने बोला, त्यांना काय हवंय ते विचारा. मग १४५६७ या ज्येष्ठांच्या मोफत हेल्पलाइनवर बोला, जिवाला धोका वाटला तर ११२. आई-वडिलांच्या निर्वाहाचा २००७ चा कायदा आहे, त्याखाली न्यायाधिकरणाकडे अर्ज करता येतो. सांभाळण्याच्या अटीवर घर बक्षीसपत्राने दिलं आणि नंतर सांभाळलं नाही, तर ते बक्षीसपत्र रद्द करून मागता येतं. हे ऐकून आजोबांचा आवाज जरा चढतो, असा अनुभव आहे.

फोटोंबद्दल थोडक्यात. फळं देतानाचा फोटो, खाली सोसायटीचं नाव आणि "आजी एकट्याच राहतात" अशी ओळ म्हणजे चोराला पत्ताच दिला.

निरोप न घेता थांबणं

नोकरी बदलते, लग्न होतं, भेटी थांबतात. निदान दोन वेळा नव्या स्वयंसेवकाला बरोबर घेऊन जा. ऐकू कोणत्या कानाने येतं, कडी आतून कशी अडकते, शेजारच्या कोणाकडे किल्ली असते हे सांगा. आणि चहाला नाही म्हणू नकोस, हेही.