क्रीमच्या डबीमागची यादी वाचताना एक टक्क्याची रेघ कशी शोधायची

नागपूरच्या सीताबर्डीतल्या कुठल्याही कॉस्मेटिकच्या दुकानात जा, काऊंटरवरचा पोरगा डबी पुढूनच दाखवतो. केशराच्या काड्या, बदाम, संत्र्याची फोड. त्याच्या हातून डबी घ्या आणि उलटी करा. अक्षरं मुंगीएवढी असतील, तर मोबाईलने फोटो काढून मोठा करा. छोट्या पॅकवर यादी न छापण्याची सूट आहे, तेव्हा ती नसली तर त्याच मालाचा मोठा पॅक मागा. बऱ्याचदा यादी फक्त खोक्यावर असते, म्हणून खोकं फेकू नका.

नावांना घाबरणं सोडा. ॲक्वा म्हणजे पाणी, टोकोफेरॉल म्हणजे व्हिटॅमिन ई, सोडियम क्लोराइड म्हणजे मीठ. सिटिल अल्कोहोल आणि सिटेअरिल अल्कोहोल हे मेणचट, त्वचा मऊ ठेवणारे पदार्थ आहेत; त्वचा कोरडी करतं ते अल्कोहोल डिनॅट. 'अल्कोहोल' एवढाच शब्द वाचून माझ्या मावसबहिणीने चांगलं भरलेलं मॉइश्चरायझर शेजारणीला देऊन टाकलं. शेजारीण अजून खुश आहे.

आता खरं काम. भारतात कॉस्मेटिक्स नियम २०२० प्रमाणे घटक उतरत्या क्रमाने लिहावे लागतात, ज्याचं प्रमाण जास्त ते आधी. इथपर्यंत सगळ्यांना ठाऊक असतं आणि म्हणूनच "पहिले पाच घटक बघा" हा सल्ला सगळीकडे फिरतो. तो मला बिलकूल पटत नाही. पहिले पाच म्हणजे बहुतेक वेळा पाणी, ग्लिसरिन, एखादं तेल आणि ते पाण्यात मिसळून धरणारे पदार्थ. दोनशेची क्रीम घ्या नाही तर दोन हजारांची, तिथे फारसा फरक दिसत नाही. शिवाय त्याच नियमाचं दुसरं अर्धं वाक्य कोणी सांगत नाही: एक टक्का किंवा त्याहून कमी असलेले घटक कंपनी हव्या त्या क्रमाने लिहू शकते. म्हणजे यादीत एक अदृश्य रेघ असते. रेघेच्या वर क्रम खरा, रेघेच्या खाली सजावट.

ती रेघ शोधायला मला वर्षभर लागलं, कारण मी चुकीच्या जागी शोधत होते. फिनॉक्सिइथेनॉल हे क्रीम नासू नये म्हणून घालतात आणि ते जास्तीत जास्त १ टक्काच घालता येतं. हे कळल्यावर मी यादीत फिनॉक्सिइथेनॉल शोधायची, तिथे रेघ मारायची आणि वरचं सगळं भरपूर आहे असं समजायची. एकदा केशराची क्रीम घेतली. यादी अशी होती: पाणी, ग्लिसरिन, कॅप्रिलिक-कॅप्रिक ट्रायग्लिसराइड, नायसिनामाइड (व्हिटॅमिन बी३), सिटेअरिल अल्कोहोल, ग्लिसरिल स्टिअरेट, केशराचा अर्क, हळदीचा अर्क, कार्बोमर, फिनॉक्सिइथेनॉल, सुगंध. केशर फिनॉक्सिइथेनॉलच्या वर, मी खुश. शेजारच्या काकूही म्हणाल्या, "काहून, केशर तर वरतीच लिहिलं आहे न."

वरती लिहिलं होतं, पण कार्बोमरला चिकटून. कार्बोमर हा पाण्याला जेलसारखा घट्टपणा आणणारा पदार्थ. तो टक्काभर घातला तरी गच्च जेल होतं, म्हणून क्रीममध्ये त्याहून बराच कमी असतो. म्हणजे कार्बोमर हा रेघेखालचाच माणूस. आणि रेघेखाली क्रम मोकळा असल्याने केशर, हळद अशी देखणी नावं त्याच्या पुढे उभी करायला कंपनीला कोणी अडवत नाही. तेव्हा नुसतं फिनॉक्सिइथेनॉल शोधू नका. असे चिमूटभर पडणारे पदार्थ ओळखीचे करून घ्या: कार्बोमर, झँथन गम, डायसोडियम ईडीटीए, सोडियम हायलुरोनेट. यादी वरून खाली वाचत या, यातला जो आधी भेटेल तिथे थांबा, आणि त्याच्या लगेच आधी जितके वनस्पतींचे अर्क ओळीने उभे असतील तेही संशयात घ्या. माझ्या क्रीममध्ये रेघ ग्लिसरिल स्टिअरेटच्या खाली होती. नायसिनामाइड वर, म्हणजे कामाचं. केशर खाली, डबीवरच्या चित्रापुरतं. नायसिनामाइडसाठी घेतली असती तर क्रीम वाईट नव्हती. मी पैसे केशराचे मोजले होते.

अर्काचं आणखी एक. यादीत 'अर्क' लिहिलेलं बऱ्याचदा पाणी किंवा ग्लिसरिनमध्ये विरघळवलेलं असतं. कोरफडीचा रस यादीत पहिला दिसला तरी हुरळू नका, कोरफडीचा गर जवळपास ९९ टक्के पाणीच असतो.

ही रेघ हाती लागल्यावर माझ्या अंगात जरा वारं शिरलं, आणि पुढची चूक त्यातूनच झाली. एका नाइट क्रीममध्ये रेटिनॉल, म्हणजे व्हिटॅमिन ए, फिनॉक्सिइथेनॉलच्याही खाली होतं. म्हटलं, नावालाच घातलंय. रोज रात्री जाडसर थर लावला, वर साल काढणाऱ्या ग्लायकोलिक ॲसिडचं टोनर. महिना एप्रिलचा. दहाव्या दिवशी नाकाच्या दोन्ही बाजूंची साल निघायला लागली, साध्या पाण्यानेही चेहरा झोंबायचा. रेटिनॉल ०.१ ते ०.३ टक्क्यातही काम करतं, हे मला तेव्हा माहीत नव्हतं. रेघेखालचं सगळं फुकट नसतं. रेटिनॉल, हायलुरॉनिक ॲसिड, पेप्टाइड, सेरामाइड हे थोड्या प्रमाणातही काम करणारे. उलट नायसिनामाइड, ग्लिसरिन, युरिया, व्हिटॅमिन सी हे रेघेखाली दिसले तर पैसे जपून ठेवा. एल-ॲस्कॉर्बिक ॲसिड, म्हणजे शुद्ध व्हिटॅमिन सी, तर १० ते २० टक्के लागतं.

सुगंधही रेघेखालचाच, पण अंगावर उठतो तो बऱ्याचदा तोच. लिमोनीन आणि लिनालूल ही सुगंधातल्या घटकांची नावं तुमच्या त्वचेला सोसत नसतील तर लक्षात ठेवा; युरोपात चेहऱ्यावर राहणाऱ्या क्रीममध्ये ती ०.००१ टक्क्याच्या वर गेली तरी वेगळी लिहावी लागतात. नागपूरकरांसाठी गंमत: ज्या डबीवर आपला संत्रा छापलेला असतो, तिच्या मागे बहुधा 'सिट्रस ऑरँटियम डल्सिस पील ऑइल' असतं. तो मोसंबीच्या जातकुळीतला गोड संत्रा. आपला नागपुरी संत्रा म्हणजे सिट्रस रेटिक्युलाटा. तसंही ते तेल वासासाठीच असतं.

मेडिकलमधून ओळखीच्यांनी सांगितलेली गोरेपणाची ट्यूब मात्र या हिशोबात बसवू नका. तिच्यावर यादीऐवजी 'प्रत्येक ग्रॅममध्ये' असं लिहिलेलं असेल आणि पुढे क्लोबेटासॉल, बीटामेथासोन किंवा मोमेटासोन दिसलं, तर ते स्टेरॉइड आहे, कॉस्मेटिक नाही. २०१८ साली ही मलमं शेड्यूल एचमध्ये गेली, म्हणजे डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय विकायची नाहीत. पहिले काही आठवडे चेहरा उजळतो, मग त्वचा पातळ आणि लाल होते आणि ट्यूब सोडली की भडकते. ज्या डबीवर यादी नाही, बनवणाऱ्याचा पत्ताही नाही, ती तर हातातही घेऊ नका. अशा गोऱ्या करणाऱ्या क्रीममध्ये पारा निघालेला आहे.

दोन मालांची तुलना करायची तर दोन्ही याद्या शेजारी ठेवा, दोन्हीकडे रेघ मारा, तुम्हाला हवा तो एकच घटक कुठे उभा आहे बघा आणि किमतीला वजनाने भागा. ३० मिलीचं सीरम ५९९ रुपयांना म्हणजे मिलीला जवळपास २० रुपये. '५ टक्के कॉम्प्लेक्स' असं लिहिलं असेल तर ते मिश्रणाचे पाच टक्के, घटकाचे नव्हेत. फेसवॉशमधल्या महाग घटकासाठी जास्त पैसे देऊ नका, अर्ध्या मिनिटात ते नालीत जातं. सनस्क्रीनचा एसपीएफ यादीवरून कळत नाही.

आणल्यावर कोपराच्या आतल्या बाजूला तीन-चार दिवस लावून बघा. ॲसिड किंवा रेटिनॉल असेल तर आपल्याकडच्या ४५ डिग्रीच्या उन्हात सुरू करू नका. खोकं कपाटात ठेवा, दिवाळीनंतर उघडा.