सीमेची रेघ फिल्मवर ओढायची कशी

सीमेवर सिनेमा करायचा म्हटलं की आधी नकाशा डोळ्यांसमोर येतो. तो बाजूला ठेवा. नकाशात रेघ कायमचीच असल्यासारखी दिसते. आपल्याकडं मात्र ती कधी पडली ते लोकांना तारखेनिशी ठाऊक आहे: १ नोव्हेंबर १९५६. तोवर कोल्हापूरबरोबर मुंबई राज्यात असलेली निपाणी त्या दिवशी म्हैसूर (आताच्या कर्नाटक) राज्यात गेली. रेघ माणसांनीच ओढली, तर पडद्यावरही ती फिल्म खरवडून हातानंच ओढू.

तीन मिनिटांच्या प्रयोगपटाला ३५ एमएमची १५ फूट रंगीत फिल्म लागते. बंद पडलेल्या थिएटरच्या ऑपरेटरकडं जुन्या ट्रेलरचे तुकडे विचारा. काठावर ‘सेफ्टी’ छापलेलं नसेल तर घेऊ नका. जुनी नायट्रेट फिल्म ठिणगीनं भडकते. एखाद्या चित्रपटाची उरलेली प्रत असेल तर तीही खरवडायची नाही, ती जपायलाच हवी.

ओलसर बोट दोन्ही बाजूंना लावून बघा. किंचित चिकटतं ती इमल्शनची, म्हणजे रंगाच्या थरांची बाजू, रेघ तिथं. गुळगुळीत बाजूवर ओढलीत तर नुसती काळी चीर दिसेल. कर्कटकाचं टोक टेकवून फिल्मच्या लांबीनं ओढत चला, पट्टी न लावता. हलक्या हातानं हिरवी रेघ येते, जोर वाढवला की पिवळी, आणखी वाढवला की पांढरी, कारण रंगांचे थर एकेक करून निघतात. काठाकडं घसरलात तर टोक भोकात अडकून फिल्म फाटते. हात प्रत्येक फ्रेमला केसभर इकडंतिकडं होतो, म्हणून पडद्यावर रेघ थरथरते. या सिनेमाचा सगळा जीव त्या थरथरण्यात आहे, त्यामुळं रेघ सरळ काढायच्या मागं लागू नका.

आता फोटो. लाइट पॅडच्या (वर उजेड फेकणाऱ्या सपाट पाटीच्या) कडेला फळीवर दोन टाचण्या ठोका, फिल्मची भोकं त्यांत अडकवा, वर मोबाइल खाली तोंड करून बसवा. फोकस, आयएसओ, शटर, व्हाइट बॅलन्स लॉक करा. ऑटोवर राहिलं की दर फोटोला उजेड बदलतो. शटर १/२५ सेकंद ठेवा, फार जलद ठेवलं तर स्वस्त पॅडचे पट्टे उमटतात. प्रत्येक फोटोनंतर बरोबर चार भोकं पुढं. तीन किंवा पाच सरकली की चित्र उडी मारतं. फुटाला १६ फ्रेम, म्हणजे २४० फोटो; सेकंदाला १२ लावले की २० सेकंद होतात. हा तुकडा तीनदा वापरा: सरळ, आरशातल्यासारखा, शेवटाकडून सुरुवातीला. बाकी पडदा काळा, फक्त आवाज.

पहिल्या रेघेखाली एसटीचा आवाज. कागल सोडल्यापासून कोगनोळी नाका मागं पडेपर्यंत सलग रेकॉर्ड करा. रेकॉर्डर खिडकीपासून लांब धरा, वाऱ्यानं फाटलेला आवाज नंतर नीट होत नाही. पाट्या कानडी होतात, बसमधलं मराठी तसंच चालू राहतं. म्हणून इथं एकही कट नको. शेजारच्यांना आधी सांगा. कुणाचं खासगी बोलणं आलं तर दुसरी फेरी मारा.

दुसरीखाली ऊसतोड. बीडकडून आलेल्या जोडप्याला इथं ‘एक कोयता’ म्हणून मोजतात. माणसांचा हिशेब हत्याराच्या नावानं होतो, तर कोयत्याचाच घाव अगदी जवळून घ्या. मुकादमाची परवानगी पुरत नाही, तोडणाऱ्यांना स्वतः विचारा.

तिसरी रेघ कोल्हापूरजवळच्या वळिवड्याची. सोव्हिएत रशियात हद्दपार झालेले सुमारे ५ हजार पोलिश लोक, बहुतेक बायका-मुलं, १९४३ ते १९४८ इथल्या छावणीत राहिले. फाळणीनंतर तिथंच सिंधी कुटुंबं वसली आणि गांधीनगरची कापडपेठ उभी राहिली. कुठल्याच देशाची सीमा जवळ नसताना दोन सीमांनी हे गाव घडवलं. इथं दुकानात जा. कात्रीनं जरासं कापून उरलेलं कापड हातानं टर्रकन फाडतात, तो आवाज रेघ सुरू व्हायच्या दोन सेकंद आधी, काळ्या पडद्यावर टाका.

पहिला खेळ पांढऱ्या चादरीवर, ऊसतोड मजुरांच्या पालांजवळ, त्यांच्या टोळ्या गावी परतायच्या आत लावा. कोयत्याचा आवाज ज्यांचा आहे त्यांनी काढा म्हटलं तर काढा, आणि ते २० सेकंद नुसते मुके ठेवा.