बूटलोडरमध्येच वॉचडॉग कसा सुरू करावा

फोंडा तालुक्यात शिरोड्याला खाजनाच्या (खाडीकाठच्या बांध घातलेल्या शेतजमिनीच्या) मानशीवर, म्हणजे भरतीचं पाणी अडवणाऱ्या दारावर, आम्ही पाण्याची पातळी मोजणारा लिनक्स बोर्ड बसवला. पहिल्याच पावसात तो गप्प झाला. चिखल तुडवत बांधावर जाऊन डबा उघडला, तर बोर्ड कर्नल (लिनक्सचा गाभा) सुरू होतानाच अडकलेला. वॉचडॉग, म्हणजे ठरलेल्या मुदतीत इशारा (किक) मिळाला नाही तर बोर्ड रीसेट करणारा टायमर, होता, पण तो सुरू करणारा प्रोग्राम कर्नलच्या नंतर येणार होता! तेव्हापासून आम्ही तो यू-बूटमध्येच, म्हणजे कर्नलच्या आधी चालणाऱ्या बूटलोडरमध्येच, सुरू करतो.

आधी यू-बूटच्या प्रॉम्प्टवर 'डब्ल्यूडीटी लिस्ट' द्या. चिपचा वॉचडॉग दिसला नाही तर ड्रायव्हर आणि डिव्हाइस ट्री (बोर्डावरच्या हार्डवेअरचं वर्णन देणारी फाइल) तपासा. दिसला, की मेनूकॉन्फिगमध्ये (बिल्डच्या सेटिंग्जच्या मेनूत) वॉचडॉगचा ऑटोस्टार्ट चालू करून यू-बूट पुन्हा बिल्ड करा.

आता मुदत. यू-बूट चालू असेपर्यंत तोच वॉचडॉगला किक मारतो. कर्नलकडे ताबा गेला, की कर्नलचा वॉचडॉग ड्रायव्हर उठेपर्यंत किक मारणारं कुणीच नसतं. हा काळ सिरियल कन्सोलवर मोजा आणि मुदत त्याच्या दुप्पट-तिप्पट ठेवा. यू-बूटमध्ये बहुतेक बोर्डांना ६० सेकंद धरलेले असतात, पण हार्डवेअरची मर्यादाही बघा. रास्पबेरी पायचा वॉचडॉग जेमतेम १५ सेकंद थांबतो. ड्रायव्हर कर्नलमध्ये बिल्ट-इनच हवा. मॉड्यूल लोड व्हायला उशीर झाला तर बोर्ड रीसेटच होत राहील. त्यावर कर्नलआधी वॉचडॉग थांबवण्याचा उपाय कुणी सुचवला तर ऐकू नका, आम्ही अडकलो ते नेमके तिथेच.

खरी मेख पुढे आहे. ड्रायव्हर उठला, की वॉचडॉग आधीच चालू असल्याचं पाहून कर्नल स्वतःच किक मारू लागतो, आणि यूजरस्पेस (कर्नलवर चालणारे बाकीचे प्रोग्राम) कधी उठलाच नाही तरी मारतच राहतो. म्हणून बूटआर्ग्जमध्ये (यू-बूट कर्नलला देतो त्या सूचनांत) 'वॉचडॉग डॉट ओपन अंडरस्कोर टाइमआउट' सेकंदांत द्या, म्हणजे तेवढ्या वेळात यूजरस्पेसने वॉचडॉग हाती घेतला नाही तर कर्नल किक मारणं थांबवतो. वीज गेल्यानंतर रूट फाइलसिस्टिम माउंट व्हायला जास्त वेळ लागतो, तेवढी सवलत त्यात धरा. पुढे सिस्टिमडीमध्ये (बाकीच्या सर्व्हिसेस सुरू करणाऱ्या प्रोग्राममध्ये) 'रनटाइमवॉचडॉगसेक' लावा, म्हणजे किक मारायचं काम तो करेल. सेन्सरच्या सर्व्हिसला वेगळा 'वॉचडॉगसेक' द्या आणि प्रोग्राममधून ठरावीक वेळाने सिस्टिमडीला कळवत राहा, कारण सिस्टिमडी जिवंत असतानाही तुमचा प्रोग्राम लटकलेला असू शकतो.

तीनदा बूट फसलं तर दुसऱ्या पार्टिशनवर जायला यू-बूटचे 'बूटलिमिट' (किती प्रयत्न) आणि 'ऑल्टबूटसीएमडी' (त्यानंतर चालवायची कमांड) वापरा. बूट नीट झाल्यावर 'बूटकाउंट' (प्रयत्नांची मोजणी) शून्यावर आणायला विसरू नका.

चाचणी घरी टेबलावरच करा. प्रॉम्प्टवर 'डब्ल्यूडीटी एक्स्पायर' दिल्यावर बोर्ड लगेच रीसेट व्हायला हवा. मग पॅनिक टाइमआउट शून्य ठेवून (म्हणजे पडलेला कर्नल स्वतःहून रीबूट करणार नाही) सिसआरक्यूने (कर्नलला थेट आदेश देण्याच्या सोयीने) कर्नल पाडा आणि कशालाही हात न लावता बोर्ड परत उठतो का बघा.