रॅन्समवेअरच्या आधी अँटीव्हायरस मारतात, ते कसं अडवायचं

सातपूर-अंबडच्या छोट्या कारखान्यात विचारा नाहीतर शरणपूर रोडच्या सीए ऑफिसात, उत्तर एकच, अँटीव्हायरस आहे ना, मग काय होतंय. पण हल्ली रॅन्समवेअरवाले, म्हणजे फायली लॉक करून खंडणी मागणारे चोर, लॉक करायच्या आधी अँटीव्हायरसच बंद पाडतात. कसं, तर खऱ्या कंपनीचा, खरी डिजिटल सही असलेला पण आत खोट असलेला जुना ड्रायव्हर (हार्डवेअर चालवणारा छोटा प्रोग्राम) सोबत आणतात, विंडोज सही बघून त्याला घेतं आणि मग थेट कर्नलमधून, म्हणजे विंडोजच्या गाभ्यातून, सिक्युरिटीच्या प्रोसेस मारल्या जातात. 2020 मध्ये रॉबिनहूड रॅन्समवेअरने गिगाबाइट या मदरबोर्ड कंपनीचा ड्रायव्हर असाच वापरला, 2022 मध्ये ब्लॅकबाइटने एमएसआय आफ्टरबर्नर या ग्राफिक्स कार्डच्या सॉफ्टवेअरचा. आपल्या पीसीत ते सॉफ्टवेअर नसलं तरी फरक पडत नाही, ते घेऊनच येतात.

1. ड्रायव्हर टाकायला अ‍ॅडमिन राइट्स लागतात, म्हणून सगळ्यात आधी हेच. बिलिंगवाल्याला, स्टोअरवाल्याला साधं स्टँडर्ड अकाउंट द्या, अ‍ॅडमिनचा पासवर्ड वेगळा, आणि तो मॉनिटरला चिकटवलेला नको. दोन दिवस कुरकुर होईल, होऊ द्या. आणि क्रॅक सॉफ्टवेअर चालवायला "अँटीव्हायरस बंद करा" म्हणतात ना, तिथे चोराचं काम आपणच करून देतो.

2. घरून काम करायला रिमोट डेस्कटॉप इंटरनेटवर उघडा ठेवलाय? बंद करा, व्हीपीएन (ऑफिसच्या नेटवर्कपर्यंतचा सुरक्षित खासगी रस्ता) आणि ओटीपी लावा.

3. विंडोज सिक्युरिटीत व्हायरस प्रोटेक्शनच्या सेटिंग्जमध्ये टॅम्पर प्रोटेक्शन ऑन करा. हे अँटीव्हायरसचं सेटिंग कोणाला बदलू देत नाही, पण कर्नलमधून आलेल्याला पुरत नाही, म्हणून डिव्हाइस सिक्युरिटी, मग कोअर आयसोलेशनमध्ये जाऊन मेमरी इंटिग्रिटी (कर्नलमध्ये नको तो कोड घुसू न देणारी) आणि व्हल्नरेबल ड्रायव्हर ब्लॉकलिस्ट (खोट असलेल्या ड्रायव्हरना अडवणारी यादी) दोन्ही ऑन करा. कधीकधी मेमरी इंटिग्रिटी ऑनच होत नाही, जुन्या प्रिंटरचा किंवा डोंगलचा ड्रायव्हर आडवा येतो, त्याचं नाव तिथेच दिसतं, तो अपडेट करा किंवा काढा. बरेच जण इथेच सोडून देतात, सोडू नका.

4. अँटीव्हायरसचा आयकॉन गायब, अपडेट होईना, किंवा पीसी आपोआप सेफ मोडमध्ये गेला, तर "हँग झालं असेल" म्हणून रीस्टार्ट मारू नका. आधी लॅनची वायर काढा, वायफाय बंद, मग आयटीवाल्याला फोन. इव्हेंट व्ह्यूअरच्या सिस्टम लॉगमध्ये 7045 नंबरची एंट्री त्याला बघायला सांगा, नवी सर्व्हिस किंवा ड्रायव्हर बसला की ती पडते. साध्या इन्स्टॉलेशननेही पडते, पण रात्री 3 वाजता कोण इन्स्टॉल करतंय?

5. बॅकअपची हार्डडिस्क कॉपी झाली की काढून ठेवायची. लासलगाव-पिंपळगावच्या आडतीत एकाच पीसीवर सगळा हिशोब आणि बॅकअप त्याच्याच डी ड्राइव्हवर, असला बॅकअप पहिल्याच फटक्यात जातो.

झालंच काही तर 1930 या सायबर गुन्ह्यांच्या हेल्पलाइनवर फोन करा, आणि कंपनी असेल तर कळल्यापासून 6 तासांत सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेलाही कळवावं लागतं.